‘जेम अँड द होलोग्राम्स’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकन कार्टून मालिकांचा विषय निघाला की ‘जेम’बद्दल ठरावीक प्रश्न येतात. काही कुतूहलाचे असतात, काही खवचट. दोन्हींची उत्तरं इथे आहेत. शेवटाकडे जाताना गोष्टीतली काही वळणं उघड केली आहेत, त्यामुळे मालिका कोरी पाहायची असेल तर गंभीर विषयांच्या प्रश्नापर्यंत येऊन थांबा.

ही मालिका नेमकी कोणती?

‘जेम’ ही अमेरिकन टीव्हीवर ६ ऑक्टोबर १९८५ ते २ मे १९८८ या काळात चाललेली ६५ भागांची कार्टून मालिका. हॅस्ब्रो ही खेळण्यांची कंपनी, सनबो प्रॉडक्शन्स आणि मार्व्हल प्रॉडक्शन्स या तिघांनी मिळून ती काढली. ‘ट्रान्सफॉर्मर्स’ आणि ‘जी. आय. जो’ काढणारं त्रिकूटही हेच. तिकडे मुलांसाठी रोबो आणि सैनिक होते, इकडे मुलींसाठी पॉप बँड.

आपल्याकडे तेव्हा दूरदर्शन होतं आणि केबल यायला नव्वदीचं दशक उजाडायचं होतं. त्यामुळे मराठी घरांत ही मालिका कुणाच्या लहानपणाच्या आठवणीत सापडणं अवघडच. आज ती भेटते ती इंटरनेटवरच्या गाण्यांच्या तुकड्यांतून, नाहीतर २०१५च्या पडलेल्या चित्रपटामुळे.

गोष्ट काय आहे?

जेरिका बेंटन या तरुणीचे वडील एमेट बेंटन वारतात. मागे दोन गोष्टी राहतात. एक, ‘स्टारलाइट म्युझिक’ ही रेकॉर्ड कंपनी. दुसरी, अनाथ मुलींचं घर. कंपनीतला अर्धा हिस्सा एरिक रेमंड या लबाड माणसाच्या हातात असतो. तो मिसफिट्स नावाच्या आडदांड बँडला पुढे करून स्पर्धा आधीच फिक्स करतो. घर चालवायला पैसा नाही, मुली लहान आणि कंपनी हातची चाललेली, अशी जेरिकाची अवस्था.

मग तिला वडिलांनी गुपचूप बनवलेला संगणक सापडतो. त्याचं नाव सिनर्जी. तो एका बंद पडलेल्या ड्राइव्ह-इन थिएटरात दडवलेला असतो आणि बाजूला वाद्यं, कपडे, गाडी असा सगळा सरंजाम तयार असतो. सिनर्जी हवेत हुबेहूब प्रतिमा उभी करू शकते. जेरिकाच्या कानातल्या ताऱ्यांच्या कुड्या म्हणजे तिचे छोटे प्रोजेक्टर. कुडीला हात लावून सिनर्जीला साद घातली की जेरिकाची गुलाबी केसांची जेम होते.

जेमच्या बँडचं नाव होलोग्राम्स. त्यात धाकटी बहीण किंबर कीबोर्ड वाजवते आणि गाणी लिहिते, एजा गिटारवर, शाना ड्रमवर. पुढे राया ड्रमवर येते आणि शाना बास गिटार हातात घेते. पहिले पाच भाग मिळून एक सलग कथा होते. तिच्यात आग आहे, बंड आहे, कट आहे आणि शेवटी दोन बँडची जंगी स्पर्धा. पाचव्या भागाला थांबलात तरी एक पूर्ण चित्रपट पाहिल्यासारखं वाटतं.

ही बाहुल्या विकायची जाहिरातच होती ना?

होती. यात लपवण्यासारखं काही नाही. सनबो ही कंपनीच ग्रिफिन-बेकल या जाहिरात संस्थेतून निघालेली, आणि हॅस्ब्रो हे त्या संस्थेचं मोठं गिऱ्हाईक.

पण हे त्या काळातच का घडलं, ते समजून घ्यायला हवं. १९६९ मध्ये ‘हॉट व्हील्स’ या खेळण्यातल्या गाड्यांवर कार्टून आलं तेव्हा ‘हा कार्यक्रम नाही, अर्ध्या तासाची जाहिरात आहे’ अशी तक्रार झाली आणि अमेरिकेच्या प्रसारण नियामकाने कान उपटले. त्यानंतर बरीच वर्षं खेळण्यांच्या कंपन्या या वाटेला फारशा गेल्या नाहीत. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात वारं फिरलं. १९८३ मध्ये ‘ही-मॅन’ आलं आणि चाललं. १९८४ मध्ये नियामकाने जाहिरातींच्या वेळेवरची बंधनंच काढून टाकली. मग धरण फुटलं. आधी खेळणं ठरायचं, मग त्याच्यासाठी गोष्ट लिहून घ्यायची. मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींवर पुन्हा मर्यादा आली ती १९९०च्या कायद्याने: सुटीच्या दिवशी तासाला साडेदहा मिनिटं, इतर दिवशी बारा.

‘जेम’ याच मधल्या सहा वर्षांचं अपत्य. हॅस्ब्रोकडे बाहुल्यांची कल्पना होती, गोष्ट नव्हती. ती लिहायला क्रिस्टी मार्क्स यांना बोलावलं. त्या याआधी याच कंपन्यांसाठी ‘जी. आय. जो’चे भाग लिहीत होत्या. पात्रांचे स्वभाव, नाती, कोणाचा भूतकाळ काय, हा मालिकेचा पाया त्यांनी रचला आणि बरेच भागही लिहिले. पुढे त्या संगणकीय खेळांकडे वळल्या. सिएरा कंपनीचा ‘कॉन्क्वेस्ट्स ऑफ कॅमेलॉट’ हा १९९०चा खेळ त्यांचाच.

माझं मत विचाराल तर मालिका टिकली ती इथे. मालकाला बाहुली विकायची होती, पण लिहिणाऱ्या बाईंनी आणि गाणी करणाऱ्यांनी हे काम पाट्या टाकल्यासारखं केलं नाही. बाहुल्या दोन वर्षांत दुकानातून गेल्या. गाणी अजून ऐकली जातात.

एमटीव्हीशी तिचा काय संबंध?

कागदोपत्री काहीच नाही, बाकी सगळाच. एमटीव्ही १ ऑगस्ट १९८१ला सुरू झालं आणि तीन-चार वर्षांत अमेरिकेतल्या पोरांना गाणं ‘दिसायला’ हवं असं वाटू लागलं. ‘जेम’ने तीच भाषा उचलली. गाणं सुरू झालं की गोष्टीचे नियम सुटतात. रंग उलटे होतात, पडद्याचे तुकडे होतात, पात्रं ढगांवरून, पियानोच्या पट्ट्यांवरून, आरशांच्या दालनांतून चालतात आणि कपडे दर दोन सेकंदांनी बदलतात. सुरुवातीच्या भागांत तर गाण्याचं आणि बँडचं नाव पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात यायचं, हुबेहूब संगीतवाहिनीवर यायचं तसं.

मालिकेच्या जगातही व्हिडिओ हा धंदा आहे. बँडसाठी व्हिडिओ चित्रित करणारी एक मुलगी आहे, तिचं नावच व्हिडिओ. गाणी दाखवणाऱ्या कार्यक्रमाची सूत्रसंचालक लिन-झी आहे. कुणाचा व्हिडिओ आधी दाखवला जाणार यावरून भांडणं होतात, टेप चोरीला जातात. गाणं बसवणं, रेकॉर्ड करणं, त्याचा व्हिडिओ काढणं आणि तो हवेत जाणं ही साखळी मुलांना इतक्या तपशिलात दाखवणारं तेव्हाचं दुसरं कार्टून मला तरी ठाऊक नाही.

एका भागात गाणी किती? ती लिहिली कोणी?

बहुतेक भागांत तीन, पुढच्या काळात कधी दोन. पूर्ण मालिकेत १८७ व्हिडिओ आहेत आणि वेगवेगळी गाणी १५१. म्हणजे काही गाणी पुन्हा वापरली, पण फार नाही.

संगीत अ‍ॅन ब्रायंट यांचं, शब्द बॅरी हार्मन यांचे. पार्श्वसंगीत रॉबर्ट वॉल्श यांचं. ब्रायंट जाहिरातींच्या जिंगल करण्यात मुरलेल्या. ‘ट्रान्सफॉर्मर्स’च्या शीर्षकगीतातही त्यांचा वाटा आहे. हार्मन रंगभूमीवरचे. या दोन घराण्यांचा मेळ कानाला लगेच कळतो. जिंगलवाल्याला वीस सेकंदांत चाल डोक्यात बसवता येते. नाटकवाल्याला ठाऊक असतं की गाणं संपेपर्यंत पात्र सुरुवातीच्या जागेवरून हललं पाहिजे.

गाणी सव्वा-दीड मिनिटाची. एवढ्यात मुखडा, एक अंतरा, फार तर दीड, आणि पुन्हा मुखडा. पसरायला जागाच नाही. उदाहरण घ्यायचं तर ‘हू इज ही किसिंग’. जेरिकाचा प्रियकर रिओ जेमच्याही प्रेमात पडतो. दोघी एकच आहेत हे त्याला माहीत नाही. तो जेमला जवळ घेतो तेव्हा जेरिकाला प्रश्न पडतो की हा नक्की कोणाला जवळ घेतोय, मला की माझ्या सोंगाला? हा गुंता संवादांत मांडायचा तर दहा मिनिटं लागली असती, आणि आठ वर्षांच्या प्रेक्षकाने तोवर खेळायला पळ काढला असता. गाण्यात तो मिनिटभरात येतो.

सगळीच गाणी अशी आहेत असं मुळीच नाही. फॅशन, मैत्री आणि मेहनत या विषयांवरची डझनभर तरी गाणी एकमेकांत मिसळली तर ओळखू येणार नाहीत. आठवड्याला तीन गाणी पाडायची म्हटल्यावर ते होणारच.

जेम बोलते वेगळ्या आवाजात आणि गाते वेगळ्या. असं का?

हा प्रश्न अमेरिकेत विचारला जातो. लतादीदी आणि आशाताईंना ऐकत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. हे सरळ पार्श्वगायन आहे.

बोलण्याचा आवाज समँथा न्यूआर्क यांचा, जेरिकासाठीही आणि जेमसाठीही. गाण्याचा आवाज ब्रिटा फिलिप्स यांचा. मिसफिट्सची म्होरकी पिझाझ बोलते पॅट्रिशिया अल्ब्रेख्ट यांच्या आवाजात, आणि गाते एलन बर्नफेल्ड यांच्या. धूर्त एरिक रेमंडचा आवाज चार्ली अ‍ॅडलर यांचा, मिसफिट्समधल्याच स्टॉर्मरचा सूझन ब्लू यांचा.

फिलिप्स यांचं पुढचं आयुष्य वाचण्यासारखं आहे. १९८८ मध्ये ‘सॅटिस्फॅक्शन’ या बँडवरच्याच चित्रपटात त्या ज्युलिया रॉबर्ट्सबरोबर दिसल्या. नंतर ‘लूना’ या न्यूयॉर्कच्या बँडमध्ये बास गिटार वाजवू लागल्या आणि त्याच बँडचे डीन वेअरहॅम यांच्याशी लग्न केलं. ‘डीन अँड ब्रिटा’ या नावाने दोघांनी गाणी केली, ‘द स्क्विड अँड द व्हेल’ या २००५च्या चित्रपटाला संगीत दिलं. लूनाचे चाहते आणि जेमचे चाहते ही दोन अगदी निराळी माणसं, आणि दोघांच्या कपाटात आवाज मात्र एकच.

मिसफिट्सची गाणी जास्त भारी का वाटतात?

कारण ती आहेत. जेमच्या गाण्यांना शहाणपणाचं ओझं असतं: स्वप्नं पाहा, मैत्री जपा, खरं बोला (हे शेवटचं ती स्वतः पाळत नाही, पण त्याकडे येऊच). मिसफिट्सना असलं काही नाही. आम्हाला हवंय, आम्ही घेणार, बाजूला व्हा. त्यांच्या गाण्यांत गिटार खरखरीत, ढोल जड आणि बर्नफेल्ड यांचा आवाज किंचाळीच्या एक पायरी अलीकडे थांबणारा.

शिवाय त्या नुसत्या दुष्ट नाहीत. पिझाझचं खरं नाव फिलिस गॅबर. बाप गडगंज, पण पोरीकडे बघायला वेळ नाही, म्हणून चेक फाडून मोकळा होणारा. रॉक्सी गरीब वस्तीतून आलेली. स्टॉर्मर मनाने इतकी मऊ की ती या टोळक्यात कशी, असा प्रश्न पडतो. आणि गटातली सगळ्यात चांगली गीतकार तीच. नंतर आलेली जेटा सॅक्सोफोन वाजवते आणि आपण ब्रिटिश उमराव घराण्यातल्या असल्याच्या थापा मारते.

किंबर आणि स्टॉर्मर आपापल्या बँडवर रुसून एकत्र गाणी करतात तो भाग, ‘द बँड्स ब्रेक अप’, मालिकेतल्या सर्वांत चांगल्या भागांपैकी एक. दोघींनाही आपल्या घरात कमी लेखलं जातंय, एवढंच दुःख. त्याच्यावर अख्खा भाग उभा राहतो.

सिनर्जीसारखं यंत्र तेव्हा शक्य होतं का? आज आहे का?

तेव्हा नाही आणि आजही नाही, निदान कानातल्या कुडीतून तरी नाही. खऱ्या होलोग्राममध्ये प्रकाशलहरींची नोंद एखाद्या फिल्मवर किंवा काचेवर होते, आणि प्रतिमा बघायला तो पृष्ठभाग डोळ्यांसमोर असावा लागतो. मोकळ्या हवेत, भर उन्हात, चालत्या माणसाच्या अंगावर दुसऱ्याच माणसाचं रूप चढवणं ही निव्वळ जादू.

पण होलोग्राम ही कल्पना त्या दिवसांत हवेत होती हे खरं. १९८३ मध्ये मास्टरकार्डने क्रेडिट कार्डावर चमकता होलोग्राम लावायला सुरुवात केली. मार्च १९८४च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर होलोग्रामचा गरुड होता. लहान मुलांनीही तो हातात धरून वाकडातिकडा करून पाहिला असणार. होलोग्राफीचा शोध लावणारे डेनिस गॅबर यांना १९७१चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. आडनाव पाहिलंत? पिझाझचंही गॅबरच.

२०१२च्या एप्रिलमध्ये कोचेला महोत्सवात दिवंगत रॅपर टुपाक मंचावर ‘अवतरला’ तेव्हा जेमची आठवण अनेकांनी काढली. तोही होलोग्राम नव्हता. तिरक्या पारदर्शक पडद्यावर प्रतिबिंब पाडण्याची ती एकोणिसाव्या शतकातली नाटकवाल्यांची क्लृप्ती. मात्र प्रत्यक्षात नसलेली गायिका आणि तिच्यासाठी तिकीट काढून येणारी गर्दी, हे हात्सुने मिकूसारख्या जपानी आभासी गायिकेने खरं करून दाखवलं आहे. त्या बाबतीत मालिका काळाच्या पुढे होती म्हणायला हरकत नाही.

मालिकेत गंभीर विषय येतात म्हणे?

येतात, आणि अनेकदा न लाजता येतात. ‘अलोन अगेन’मध्ये नवीन आलेली एक मुलगी एकटेपणातून ड्रग्जच्या नादी लागते. ‘रॉक्सी रंबल्स’मध्ये रॉक्सीला लॉटरी लागते, ती फिलाडेल्फियाला आपल्या जुन्या वस्तीत परतते आणि तिला वाचता येत नाही हे उघड होतं. खलनायिकेला निरक्षर दाखवून हसं करणं सोपं होतं. तसं होत नाही. तिची लाज तुम्हाला टोचते.

घरातून पळून गेलेली मुलं, आईबापांचा शोध, दत्तक जाण्याची भीती हे धागे अनाथ मुलींच्या घरामुळे आपोआप येतात. आणि बँडकडे बघा: एजा आशियाई वंशाची, शाना कृष्णवर्णीय, राया मेक्सिकन-अमेरिकन. सुरुवातीच्या वर्षांत कृष्णवर्णीय कलाकारांना जागा देत नाही म्हणून एमटीव्हीवर टीका होत होती. त्या पार्श्वभूमीवर हे लहान नव्हतं.

उपदेश जिथे अंगावर येतो तिथे मात्र फार येतो. ते सहन करावं लागेल.

रिओला शेवटी कळतं का?

नाही. ६५ भाग झाले तरी नाही.

रिओ पाचेको बँडचा रोड मॅनेजर, म्हणजे दौऱ्यांची व्यवस्था पाहणारा, आणि तंत्रज्ञ. जेरिकाचा लहानपणापासूनचा मित्र. त्याला खोटं बोललेलं अजिबात खपत नाही, हे तो वारंवार सांगतो. आणि म्हणूनच जेरिका त्याला खरं सांगायला घाबरते. पण जेरिकाशी एकनिष्ठ असल्याचा आव आणून जेमभोवती घुटमळणारा माणूस खरेपणावर भाषण देतो तेव्हा चॅनेल बदलावंसं वाटतं. चाहत्यांमध्ये रिओ फारसा लोकप्रिय नाही, याचं मला आश्चर्य वाटत नाही.

गुपित ज्यांना कळतं त्यांत रायाची गोष्ट छान आहे. नव्या ड्रमरचा शोध सुरू असतो आणि तिला चुकून जेमचं रहस्य समजतं. ते विकून तिला हवं ते मिळवता आलं असतं. ती तोंड उघडत नाही. बँडमध्ये तिची जागा पक्की होते ती ड्रमइतकीच यामुळे.

स्टिंगर्स कोण?

तिसऱ्या सीझनमधला तिसरा बँड: रायट, रॅप्चर आणि मिंक्स. रायट सोनेरी केसांचा, स्वतःवर बेहद्द खूश, आणि तो आल्या आल्या पिझाझ त्याच्या मागे, तो जेमच्या मागे. तिसऱ्या सीझनचे भाग १२च आहेत आणि ते तुम्हाला आवडतील की नाही हे बरंचसं रायट सहन होतो की नाही यावर ठरेल. मला होत नाही. रॅप्चर मात्र मस्त भामटी आहे.

बार्बीशी काय भांडण होतं?

हॅस्ब्रोच्या जेम बाहुल्या १९८६ मध्ये बाजारात आल्या. त्याच वर्षी बार्बीची कंपनी मॅटेलने ‘बार्बी अँड द रॉकर्स’ आणली: बार्बीचा रॉक बँड. दुकानाच्या एकाच फळीवर दोन गुलाबी बँड. एकाची नायिका नवखी, दुसरीचं नाव १९५९ पासून प्रत्येक आईला पाठ. १९८७ मध्ये बार्बीच्या बँडवरही एक अ‍ॅनिमेशनपट निघाला.

जेमची बाहुली साडेबारा इंचांची, बार्बी साडेअकराची. फरक इंचभराचा, पण घरात आधीपासून असलेले बार्बीचे कपडे जेमला नीट बसत नाहीत. म्हणजे बाहुली घ्यायची, वर तिचे कपडे वेगळे घ्यायचे. कंपनीने हे धंद्याचं गणित म्हणून केलं असेल तर ते अंगाशी आलं असं मला वाटतं. बाहुलीबरोबर गाण्यांची कॅसेट मिळायची, ही मात्र जेमची खरी जमेची बाजू.

मग मालिका बंद का पडली?

बाहुल्या अपेक्षेइतक्या खपल्या नाहीत म्हणून. १९८७च्या अखेरीस हॅस्ब्रोने त्या बंद केल्या आणि ज्या मालिकेचं काम खेळणं विकणं होतं तिला पोसायचं कारण उरलं नाही. तयार झालेले भाग मे १९८८ पर्यंत दाखवले गेले. ६५ हा आकडाही तेव्हाच्या धंद्याला सोयीचा: आठवड्याचे पाच दिवस, तेरा आठवडे, की पुन्हा पहिल्यापासून फिरवायला मोकळे.

तरी शेवट गुंडाळलेला नाही. ‘अ फादर शुड बी’ या अखेरच्या भागात बा नी ही व्हिएतनाममध्ये जन्मलेली मुलगी, जी पहिल्यापासून आपल्या अमेरिकन वडिलांची वाट पाहत असते, तिला ते सापडतात. एका खेळण्याच्या जाहिरातीचा शेवट युद्धाने तुटलेल्या घरावर होतो.

अ‍ॅनिमेशन जपानी वाटतं. आहे का?

पटकथा, आवाज, स्टोरीबोर्ड अमेरिकेत. चित्रं हलवण्याचं काम जपानच्या तोएई अ‍ॅनिमेशनकडे. ‘ट्रान्सफॉर्मर्स’लाही तोएईचाच हात होता आणि १९९२ मध्ये ‘सेलर मून’ त्यांनीच केली. दर्जा भागागणिक वरखाली होतो. घाईच्या दृश्यांत शानाचे केस रंग बदलतात, तोंड एकीचं हलतं आणि आवाज दुसरीचा येतो. गाण्यांवर मात्र मन लावलेलं दिसतं.

२०१५चा चित्रपट पाहावा का?

जेमसाठी नको. जॉन एम. चू यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २३ ऑक्टोबर २०१५ला अमेरिकेत लागला आणि दोन आठवड्यांत युनिव्हर्सलने तो थिएटरांतून काढून घेतला. खर्च सुमारे ५० लाख डॉलर, म्हणजे हॉलीवूडच्या हिशेबात किरकोळ, आणि तोही वसूल झाला नाही.

चूक कुठे झाली? जेरिका इथे रेकॉर्ड कंपनीची मालकीण नाही, व्हिडिओ व्हायरल झाल्याने प्रसिद्ध झालेली लाजाळू मुलगी आहे. सिनर्जी एक छोटासा रोबो आहे. मिसफिट्स श्रेयनामावली सुरू झाल्यावर मिनिटभर दिसतात. पिझाझ झालेली गायिका केशा त्या मिनिटभरात बाकीच्या दीड-दोन तासांपेक्षा जास्त जीव ओतते. मालिकेची मूळ लेखिका क्रिस्टी मार्क्स यांना आखणीत घेतलंच नाही. त्यांना आणि दोन्ही मूळ आवाजांना पाहुण्यासारखं क्षणभर पडद्यावर आणलं. चू यांचं पुढे उत्तम चाललं, ‘क्रेझी रिच एशियन्स’ आणि ‘विकेड’ त्यांचेच.

त्याच वर्षी आयडीडब्ल्यू या प्रकाशनसंस्थेने कॉमिक सुरू केलं, लेखन केली थॉम्पसन आणि चित्रं सोफी कॅम्पबेल. ते जरूर वाचा. किंबर आणि स्टॉर्मर तिथे चक्क एकमेकींच्या प्रेमात पडतात, जे मालिका पाहणाऱ्या अनेकांना १९८७ पासूनच दिसत होतं.

या प्रकारची आणखी कार्टून कोणती?

परंपरा जुनी आहे. ‘द आर्चीज’ हा कार्टूनमधला बँड १९६९ मध्ये खऱ्याखुऱ्या गाण्याने अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिला आला होता. १९७० मध्ये ‘जोसी अँड द पुसीकॅट्स’ आली. व्हिडिओच्या जमान्यात १९८३ पासून ‘अ‍ॅल्व्हिन अँड द चिपमंक्स’, आणि १९८४ मध्ये ‘किड व्हिडिओ’, ज्यात हाडामांसाचा बँड कार्टूनच्या जगात ओढला जातो.

‘किड व्हिडिओ’ आज धडपणे मिळत नाही. तिने त्या काळची खरी गाजलेली गाणी वापरली आणि आता प्रत्येक गाण्याचा हक्क वेगळ्या मालकाकडे. ‘जेम’ची गाणी मालिकेसाठीच लिहून घेतलेली असल्याने हा कटकटीचा भाग टळला. २०११ मध्ये शाउट फॅक्टरी या कंपनीने पूर्ण मालिका डीव्हीडीवर आणली.

सुरुवात कुठून करू?

पहिले पाच भाग सलग. मग ‘द बँड्स ब्रेक अप’, ‘रॉक्सी रंबल्स’ आणि रायाच्या आगमनाचे ‘टॅलेंट सर्च’चे दोन भाग. एवढं आवडलं तर बाकीचं तुम्ही स्वतःच शोधाल, नाही आवडलं तर उरलेले पन्नासेक भाग मत बदलणार नाहीत. आठ-नऊ वर्षांच्या मुलांबरोबर बघता येईल, फक्त ड्रग्जचा भाग आधी स्वतः पाहून घ्या.

जुनी जेम बाहुली विकत घेताना काय पाहायचं?

जेमच्या कानातले तारे बॅटरीवर लुकलुकतात आणि तिची बहुतेक किंमत त्यातच आहे. बॅटरी वर्षानुवर्षं आत राहून गळलेली असते, मग संपर्काच्या पट्ट्या हिरव्या पडतात. विकणाऱ्याकडून तारे लुकलुकत असतानाचा व्हिडिओ मागा, नुसता फोटो नको. ‘बॅटरी टाकून पाहिली नाही’ असं उत्तर आलं तर बंद आहे असंच समजून भाव करा. केसांचा गुलाबी रंग उडालेला आहे का ते मानेमागे बघा, तिथे मूळ रंग टिकतो. कॅसेट सोबत असेल तर लगेच प्लेयरमध्ये घालू नका, आधी पेन्सिलीने चाक हलकेच फिरवून टेप मोकळी आहे ना ते पाहा. आणि नवंकोरं हवं असेल तर इंटिग्रिटी टॉइजने २०१२ पासून संग्राहकांसाठी काढलेल्या बाहुल्या आहेत. त्या महाग आहेत, पण त्यांच्यात स्टिंगर्सही मिळतात, जे ऐंशीच्या दशकात बाहुलीरूपात कधी आलेच नव्हते.